आबामामाचा दीड तास

खिशात चांदीचं जुनं घड्याळ, आणि वेळ मात्र आबामामा शेजाऱ्याला विचारायचा. कुणी हसलं तर म्हणायचा, "माजा घड्याळ वेळ बघूक नाय, वेळ मागे न्हेवक आसा." वालावलच्या शाळेत तो गणित शिकवायचा. एवढ्या काटेकोर माणसाची ही एकच थट्टा, असं आम्ही धरून चाललो होतो. माझे वडील लवकर गेले; मला वाढवलं त्यानंच.

माझ्या फायनलच्या परीक्षेला कुडाळला जायचं होतं, आणि आमच्या डोळ्यांदेखत एसटी सुटली. मी रडायलाच लागले. मामानं घड्याळ काढून किल्ली उलटी फिरवली. गेलेली गाडी मागे मागे येत पिंपळाखाली उभी राहिली आणि ड्रायव्हर खाली उतरून पुन्हा चहा पिऊ लागला! मामा एवढंच म्हणाला, "चढ गो."

त्याच संध्याकाळी तो सतराच्या पाढ्यात अडला. गणिताचा मास्तर! मी घाबरून विचारलं, तेव्हा म्हणाला, "मागे न्हेललो वेळ फुकट गावना नाय. माज्यातला कायतरी जाता. काय जातला, ता माज्या हातात नाय." तो पाढा मी त्याला कितीदा शिकवला, पण टिकला नाही.

पुढे माझं लग्न ठरलं, गोरज मुहूर्तावर. वऱ्हाड होडीनं येत होतं, ते ओहोटीत खाडीच्या चिखलात रुतलं. सूर्य माडांखाली उतरला. भटजी म्हणाले, आता वर्षभर मुहूर्त नाही. बायका कुजबुजू लागल्या. मामाचा हात खिशाकडे गेला.

"आबामामा, काढू नको."

"आज काढूचा नाय, तर ठेवलंय कित्याक गो?"

मी दुसऱ्यांदा नको म्हटलं नाही. मला ते लग्न हवं होतं. आज लिहितानाही लाज वाटते.

त्यानं चांगला दीड तास मागे फिरवला. सूर्य वर चढला, खाडीत पाणी परत आलं, होडी तरंगली. माणसं आ वासून बघत राहिली. गोरज होईपर्यंत वऱ्हाड मांडवात होतं. अंतरपाट धरला गेला आणि भटजींनी हाक दिली, "मुलीच्या मामाने मुलीला घेऊन यावं!"

मामा माझ्या खोलीच्या दारात आला. मी हात पुढे केला. परक्याच्या पोरीकडे बघावं तसं त्यानं माझ्याकडे बघितलं आणि अदबीनं विचारलं,

"बाय, मांडवात मामाक बोलयतत. तुजो मामा खंय आसा?"