दुसऱ्याच्या नावाची गाडी

अमेरिकेत पार्सिपनीला आल्यावर माझ्या नवऱ्याने घेतलेली प्रत्येक वस्तू दोन वर्षांनी विकायच्या बेताने घेतली होती. दोन वर्षांनी आम्ही पुण्याला परत जाणार, असं त्याने ठरवलं होतं. त्यामुळे सोफ्यावरचं प्लॅस्टिक तसंच होतं आणि टीव्हीचा रिकामा खोका बेडरूममध्ये उभा होता. त्यावर मी इस्त्रीचे कपडे ठेवायचे.

दोन हजार दोन साली नवी गाडी घ्यायची ठरली, तेव्हा त्याने तीन महिने अभ्यास केला. इतका त्याने इंजिनिअरिंगलाही केला नसावा. शेवटी त्याला एक छोटी गाडी सापडली. आराखडा जपानी, इंजिन जपानी, पेट्रोल अगदी कमी खाणारी. फक्त नाकावर बिल्ला एका अमेरिकन कंपनीचा. हीच गाडी जपानी बिल्ला लावून दुसऱ्या शोरूममध्ये जास्त किमतीला मिळत होती. अख्खं जग फसलंय आणि आपण एकटेच शहाणे, अशा चेहऱ्याने त्याने ती घरी आणली.

"जपानी काहून नाही घेतली?" वरच्या मजल्यावरच्या नागपूरच्या काकूंनी पहिल्याच दिवशी विचारलं. "या बिल्ल्याला रिसेल नाही ना मिळत."

हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. मग जो येईल त्याला तो बॉनेट उघडून दाखवू लागला. पाहुण्यांना आधी इंजिन, मग चहा. आणि रिसेल आणखी पडू नये म्हणून गाडीवर एकही ओरखडा येऊ द्यायचा नाही, असं ठरलं. म्हणजे ती मी चालवायची नाही, असं ठरलं.

माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती. कॉम्प्लेक्सच्या बाहेर फुटपाथ नव्हता, थेट हायवे. नवरा एका मित्राबरोबर कारपूल करून ऑफिसला जायचा, कारण गाडीचे मैल वाढायला नकोत. गाडी दिवसभर माझ्या खिडकीखाली उभी. ती बाहेर, मी आत, आणि दोघींनाही कुठे जायचं नाही. मला त्या गाडीचा राग यायचा, आणि तिची दयाही यायची.

काकूंनी मला त्यांच्या जुन्या गाडीवर शिकवलं. दुसऱ्या खेपेला मी टेस्ट पास झाले. लायसन्सवरच्या फोटोत मी चोरासारखी दिसत होते, पण लायसन्स माझं होतं. चावी मागितली की नवरा म्हणायचा, "अगं, वीकेंडला प्रॅक्टिस करू ना." वीकेंडला गाडी तोच चालवायचा.

दसरा आठवड्याच्या मधल्या वारी आला, म्हणून आम्ही तो शनिवारी केला. झेंडू मिळाला नाही, तेव्हा पिवळ्या शेवंतीचा हार. हळदकुंकू मी ओल्या कापसाच्या बोळ्याने बॉनेटवर अगदी हलकं लावलं, रंगाला काही होऊ नये म्हणून. काकू आरतीचं ताट धरून उभ्या.

"नारळ तू फोड," नवरा कॅमकॉर्डर डोळ्याला लावून म्हणाला. "आईला पाठवायला मी शूट करतो."

पार्किंगच्या प्रत्येक जागेपुढे चाक अडवायला काँक्रीटचा एक आडवा ठोकळा असतो. त्यावर मी नारळ आपटला. काही झालं नाही. पुन्हा आपटला. "जोर लाव ना, यार!" कॅमेऱ्यामागून आवाज आला. मग मी आठ महिने खिडकीत बसून साठलेला जोर लावला. नारळ ठोकळ्यावरून उसळला आणि गाडीच्या नाकावर बसला. बिल्ला निखळून खाली पडला, त्यामागच्या पत्र्याला पोचा आला. नारळाला काहीही झालं नव्हतं.

"जपानी झाली आता," काकू म्हणाल्या.

नवरा गुडघ्यांवर बसून पोच्यावरून बोट फिरवत होता. कॅमेरा चालूच होता. "गेली रिसेल," तो म्हणाला.

"गेली ना? मग चावी दे." मी असं म्हणेन, हे मलाही माहीत नव्हतं.

"कशाला?"

"दुसरा नारळ आणते."

"पूजा अर्धवट ठेवू नये," काकू ताटाकडे बघत म्हणाल्या.

त्याने मान वर न करता खिशातून चावी काढून दिली.

इंडियन स्टोअर तीन सिग्नल पुढे होतं. हार तसाच घातलेला होता, एकेक फूल हायवेवर उडत होतं. मी गाडी नीट दोन रेघांच्या मध्ये लावली, इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले. फार आनंद झाला होता. त्या देशात मी पहिल्यांदाच कुठेतरी एकटी पोचले होते.

दोन नारळ घेतले आणि लांबच्या रस्त्याने परतले. त्यातला एक पहिल्याच फटक्यात फुटला. प्रसाद वाटून झाल्यावर नवरा दाराशेजारच्या हुकाकडे पाहत म्हणाला, "चावी कुठंय?"

"माझ्या पर्समध्ये," मी म्हटलं आणि त्याला खोबऱ्याचा आणखी एक तुकडा दिला.