तवंदीच्या घाटातली घंटी

वडील गेले तेव्हापासून देवापुढे उभे राहिले तरी माझे मन कोरडेच राहत असे. आई मात्र दर अमावास्येला घाटातल्या स्तवनिधीच्या पार्श्वनाथाला जाई. मला म्हणे, "आप्पा, रोज त्याच घाटातनं जातोस. देवळाकडं बघून हात तरी जोड की रं." मी हसून सायकलवर टांग टाकत असे. बेळगावला सायकलींची शर्यत ठरली होती आणि माझा सारा जीव तिच्यात होता. त्यासाठी निपाणीहून निघून मी रोज सकाळी तवंदीचा घाट चढत-उतरत असे.

भीती घाटाची नव्हती, मोटारींची होती. दोन मालकांच्या सर्व्हिस मोटारी त्या रस्त्यावर धावत. पुढच्या गावची माणसे आपल्याच गाडीत बसावीत म्हणून त्यांचे ड्रायव्हर एकमेकांना मागे टाकायला बघत. सायकलवाला त्यांच्या लेखी पाचोळा. त्यातला दस्तगीर तर भोंगा वाजवत इतक्या जवळून गाडी काढी, की मी कितीदा तरी चाकांसकट चरात उतरलो होतो. तो भोंगा मला झोपेतही ऐकू येई.

थंडीतल्या एका सकाळी घाटात दाट धुके होते. उतारावर पायडल मारावे लागत नव्हते. रस्ता दिसत नव्हता, आपण तरंगतो आहोत असे वाटत होते. तेवढ्यात वळणावरून दोन मोटारी शेजारी शेजारी, सगळा रस्ता व्यापून वर आल्या. मी हँडल कडेला वळवले आणि चाकाखालची जमीनच नाहीशी झाली.

शुद्धीवर आलो तेव्हा खाली ओघळीत, करवंदीच्या जाळीत पडलो होतो. उजवा पाय हलेना. ओरडायला गेलो तर आवाज फुटेना. वर धुके, खाली धुके. पानांवरचे दव कपाळावर ठिबकत होते. दुखत होते, पण ते दुखणे दुसऱ्या कुणाचे असावे तसे लांब वाटत होते. आपण इथेच राहणार असे मनात आले, आणि नवल म्हणजे भीती वाटली नाही. आईचे शब्द आठवले. हात जोडावेत तर एकच हलत होता. तो छातीवर ठेवून मनात म्हणालो, आता तूच बघ.

किती वेळ गेला कोण जाणे. जाळी बाजूला सारत धुक्यातून एक माणूस आला. तो दस्तगीर होता. "हाय, जित्ता हाय!" तो वर बघून ओरडला. त्याने मला उचलून गाडीत बाकावर निजवले. संकेश्वरला जायचे उतारू कुरकुरू लागले. "गप बसा वो," म्हणत त्याने गाडी निपाणीकडे फिरवली आणि खड्डे चुकवत, बैलगाडीच्या चालीने डॉक्टरांच्या दारात नेली.

पुढे तो मला बघायला घरी आला. मी विचारले, "मी पडलो ते दिसलं होतं तुम्हाला?"

"न्हाय अण्णा. धुक्यात काय दिसतंय? माथ्यावर पोचलतो. खालनं सायकलची घंटी ऐकू आली. इंजान बंद केलं, तरी वाजतच हुती. म्हणून उतरलो."

माझ्या सायकलला घंटी नव्हती. ओझे कमी व्हावे म्हणून मीच ती काढून ठेवली होती.

हे मी त्याला सांगितले. "देवळातली असेल," मी म्हणालो.

"देवळातली घंटा मला कळत न्हाय व्हय?" तो हळूच म्हणाला. दाराशी बसलेल्या आईने पदराने डोळे टिपले.

शर्यत माझ्याविना पार पडली. पाय सांधल्यावर मी पुन्हा घाटात गेलो. उतरू लागलो तोच मागून मोटारीची घरघर आली. सायकल थांबवण्याचेही भान राहिले नाही. पार्श्वनाथाचे नाव घेतले आणि चाके चालतील तशी चालू दिली. भोंगा वाजला नाही. गाडी माझ्या मागे, माझ्याच चालीने, सगळा घाट उतरून आली. पायथ्याशी रस्ता रुंद झाला, तेव्हा ती अलगद बाजूने पुढे गेली आणि दस्तगीरने खिडकीबाहेर हात काढला.

ती घंटी कुणी वाजवली, हे मी कधी शोधत बसलो नाही. तिथेच पायथ्याशी सायकल उभी करून मी देवळाकडे वळलो आणि दोन्ही हात जोडले. मागायचे काहीच सुचले नाही.