काथ्याच्या दोरावरची मोकळी जागा

हसनभाई गेल्याची बातमी मला सुपारीच्या वखारीत कळली. मी काट्याजवळ उभा होतो. सदूने सायकल दाराशी आडवी टाकली आणि तो आत आला. सदू म्हणजे आमच्या हुतुतूच्या संघातला सगळ्यात तोंडाळ गडी. मयताच्या घरीसुद्धा काहीतरी बोलून चार माणसांना तोंडावर पंचा धरायला लावणारा. त्या दिवशी तो थेट काट्याकडे गेला. हसनभाई दर महिन्याला सगळ्या गड्यांना काट्याच्या फळीवर उभं करायचे, तसा तो आपणहून जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "भाऊ, वजन बघा वायच... मला हलकं वाटतंय. चाचा गेले." मी सवयीने वजनं चढवली. काटा नेहमीच्याच जागी थांबला. हे त्याला सांगितलं तेव्हा तो फळीवरच बसला आणि रडायला लागला.

आता काही आठवडे झाले. हसनभाईंबद्दल गावात बरंच बोललं जातं, त्यातलं निम्मं मी पाहिलेलं नाही. जे पाहिलं तेवढंच इथे लिहितो. ते खाडीकाठच्या राजिवड्याचे, गलबतावरचे तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके. गुडघे गेल्यावर जमिनीवर आले आणि आमच्या पोरांना तयार करायला लागले. मी त्या संघाचा गुण लिहिणारा, म्हणून आमची ओळख. पुढे घरोबा झाला. तेव्हा मुंबईच्या गिरण्यांना खेळाडू हवे असायचे. चांगल्या गड्याला गिरणीत नाव लावून घ्यायचे, पण त्याचं खरं काम दुपारी मैदानात असायचं. खेळण्याचा पगार मिळतो, हे आमच्याकडच्या बायकांना कितीदा सांगितलं तरी पटत नसे. माझ्या थोरल्या बहिणीला, ताईला मात्र ते पटवून घ्यावंच लागलं. तिचे यजमान गेलेले, शेतात खाऊन उरेल एवढं पिकत नाही, आणि एकुलत्या एक वसंताला दुसरं काही येत नव्हतं. त्याला येत होतं ते एकच, समोरच्याचा पाय धरला की न सोडणं.

तालमीतल्या जोरबैठका हसनभाईंना पसंत नव्हत्या. ते म्हणायचे, "पैलवानाचं बरं असतं, त्याला एकट्यालाच पडायचं असतं. तुम्हाला सगळ्यांनी मिळून एकाला पाडायचंय. त्याला दंड नाय लागत, टाच लागते आणि कंबर लागते." हे कमावण्याची त्यांची रीत वेगळी होती. भाट्याच्या किनाऱ्यावर पहाटेच्या ओहोटीला एक जुनी होडी ओल्या वाळूने अर्धी भरायची, तिला काथ्याचा जाड दोर बांधायचा आणि रापणीचं लांब जाळं किनाऱ्यावर ओढतात तशी ती ओढायची. तोंड समुद्राकडे, पाऊल मागे. दोराला जागोजाग काथ्याचे पट्टे. प्रत्येकाने आपला पट्टा कमरेभोवती घेऊन अशी गाठ मारायची की शेपूट खेचलं की सुटली पाहिजे. गाठ ते स्वतः हात लावून तपासायचे. ओढून झालं की नाचणीची आंबील आणि भाजलेला सुका बांगडा. शाकाहारी घरच्या दोघांना हसनभाईंची बायको, म्हणजे आमच्या चाची, गूळ-खोबरं द्यायच्या.

गडी सात होते, पट्टे आठ. होडीच्या सगळ्यात जवळ वसंता, मग एक मोकळा पट्टा, मग बाकीचे सहा. त्या मोकळ्या पट्ट्याला कुणी हात लावायचा नाही. सदूने पहिल्याच आठवड्यात विचारलं, "चाचा, ही जागा कुणासाठी धरलीय? सासुरवाडीचं कोण यायचंय काय?"

"मैदानात एक गडी बाद झाला की त्याची जागा मोकळी पडते. ती कुणी ओढायची? तुझ्या बापाने?"

"बापूस दम्याचा हाय आमचा."

"मग तूच ओढ, मेल्या. एक माणूस कमी धरूनच शिकायचं."

हे कारण मला पटलं होतं. आजही त्यात चूक दिसत नाही. त्या हंगामात आमचा संघ निम्मे गडी बाद झाल्यावरही पकडी करायचा, ती ताकद या सवयीतूनच आली असं माझं मत आहे. पण वाळूवर उभं राहून बघताना काही गोष्टी खटकायच्या. हसनभाईंनी थांबा म्हटलं की दोर ढिला पडायचा, गाठी सुटून पट्टे वाळूवर पडायचे. मधला मोकळा पट्टा सगळ्यांच्या नंतर पडायचा. फार नंतर नाही, कुणी खाली बसताना गुडघ्यावर हात टेकतो तेवढाच उशीर. मी म्हणायचो, काथ्या ओला असेल, पीळ पडला असेल. एकदा वसंता जेवताना मला म्हणाला, "मामा, पहाटेचा मतलई वारा जमिनीकडनं येतो, सगळ्यांच्या पाठीला लागतो. माझ्या नाय लागत. माझ्या मागची जागा तर मोकळी असते ना?" ताईने त्याला जेवताना असलं बोलू नकोस म्हणून दटावलं. त्यानंतर मी वाळूवर त्याच्या मागे जाऊन उभं राहण्याचं टाळू लागलो, हे मात्र खरं.

गिरणीचा माणूस गडी निवडायला येणार असं कळलं तेव्हा वसंता बावीस वर्षांचा होता. पुढच्या वर्षी त्याला कुणी घेतलं नसतं. गिरण्यांना कोवळी हाडं लागतात. सामन्याच्या आदल्या पहाटे शेवटचा सराव होता. सुटणाऱ्या गाठीचा पट्टा जोर लावताना जरा सरकतो आणि पाव पाऊल वाया जातं, अशी वसंताची तक्रार असायची. त्या दिवशी हसनभाईंनी गाठी तपासल्यावर त्याने आपली गाठ गुपचूप पक्की केली. ओल्या, फुगलेल्या काथ्याची पक्की गाठ नखांनी सुटत नाही, हे राजिवड्यात शेंबडं पोरही सांगेल.

होडी पाण्याच्या कडेला होती, कारण तिथली वाळू मऊ आणि ओढायला जड. भरती लागायला अजून वेळ होता. तरी एक लाट आली, उंच नव्हती, रुंद होती. तिने होडी अलगद उचलली, आणि परत जाताना खाडीच्या मुखाकडची ओढ होडीला लागली. हसनभाई ओरडले, "सोडा!" सहा जणांनी शेपटं खेचली आणि ते बाजूला पडले. वसंता दोन्ही हातांनी पोटावरची गाठ ओरबाडत होता. त्याच्या टाचांच्या दोन रेघा वाळूत उमटत गेल्या, पाणी गुडघ्याला, मग कमरेला... आणि दोर थांबला.

इथून पुढचं मी फार जपून लिहितो. दोराला एकाही माणसाचा हात नव्हता. सदू अजून वाळूत उपडा होता. मी दहा-बारा हातांवर उभा होतो. होडीपासून वसंतापर्यंत आणि वसंतापासून त्या मोकळ्या पट्ट्यापर्यंत दोर ताठ होता. पट्ट्याच्या मागचा दोर वाळूत मेल्यासारखा पडलेला. आणि पट्टा जमिनीवर नव्हता. माणसाच्या कमरेइतका वर होता, गोल, भरलेला.

हसनभाई धावले नाहीत. त्यांचे गुडघे धावण्यासारखे नव्हतेच, पण त्यांची घाईही दिसली नाही, हे मला तेव्हाच विचित्र वाटलं. ते पट्ट्याला वळसा घालून पाण्यात गेले, कमरेची सुरी काढून वसंताचा पट्टा कापला, त्याला बखोटीला धरून बाहेर आणलं आणि वाळूवर बसवलं. मग त्या जागेकडे वळून, घरात कुणाशी बोलावं तसे, म्हणाले, "आलो रे मी. सोड आता." पट्टा खाली पडला. दोर वाळूवरून सरसरत गेला, होडी त्यामागे गेली. ती पुन्हा मिळाली नाही.

जुन्या रापणीचा एखादा खुंट वाळूत पुरलेला असेल आणि दोर त्यात अडकला असेल, असं मी त्याच दिवशी ठरवलं. पुढच्या ओहोटीला एकटा जाऊन त्या टापूची वाळू पायाने आणि काठीने चाचपली. खुंट नव्हता, दगडही नव्हता.

दुसऱ्या दिवशी वसंता कमरेला हळदीचा लेप लावून खेळला. गिरणीच्या माणसाने त्याला घेतलं. ताईने राजिवड्यात नारळ पाठवले.

या गोष्टीबद्दल मी हसनभाईंना बरीच वर्षं काही विचारलं नाही. ते गेले त्याच्या थोडे दिवस आधी त्यांच्या पडवीत बसलो होतो. त्यांना श्वास पुरत नव्हता, एका वाक्यात दोनदा थांबत होते. आपणहून म्हणाले, "भाऊ, तुम्ही वाळू चाचपायला गेला होतात."

"गेलो होतो. काही सापडलं नाही."

"मला वाटलंच." मग त्यांनी धाकट्या भावाचं, याकूबचं सांगितलं. रापणीच्या दोरावर दोघे भाऊ लागून उभे राहायचे, याकूब पाण्याकडे, हसनभाई त्याच्या मागे. एका सकाळी हसनभाई पूर्णगडला मुलगी बघायला गेले होते. बाकीच्यांनी त्यांची जागा तशीच ठेवून दोर ओढला. याकूबची गाठ पक्की होती, जाळ्याने त्याला आत नेलं. "मला लोक विचारतात, ती जागा याकूबची काय? नाय. याकूबची जागा ती वसंताची. मोकळी जागा माझी."

मी विचारलं, "मग त्या दिवशी पट्ट्यात कोण होतं?"

"मी पोचेपर्यंत माझ्या जागी तो उभा होता... एवढं सोपं गणित तुम्हाला सुटत नाय?" असं म्हणून ते हसले, आणि खोकला आला म्हणून चाचींनी मला उठवलं.

चाळिसाव्या दिवशीच्या फातेह्याला, हसनभाईंसाठीच्या प्रार्थनेला, वसंता मुंबईहून आला. आता तो गिरणीच्या संघाचा कर्णधार आहे, अंगाने भरलाय. राजिवड्याहून परतल्यावर संध्याकाळी ताईकडे जेवायला बसलो. भिंतीकडे आधी वसंता बसला, मग त्याची बायको पानं मांडायला लागली. तिने पहिलं पान त्याचं ठेवलं, मग एका माणसाची जागा सोडली आणि पुढचं पान माझं ठेवलं. मला वाटलं, अजून कुणी यायचंय. मी सरकून त्याच्याजवळ बसायला लागलो.

"मामा, तिथं नको," ती सहज म्हणाली. "हे तिकडे चाळीतही असेच बसतात. मी लग्न करून आले तेव्हापासून बघतेय. कारण विचारलं तर सांगत नाहीत."

वसंता खाली मान घालून भात कालवत होता. माझ्या बाजूचं दार उघडं होतं, पावसाळी वारा थेट पंगतीवर येत होता. माझ्या पानावरचा पापड उडाला, दिव्याची ज्योत आडवी झाली. वसंताच्या सदऱ्याची बाही मात्र हलत नव्हती. मी ताईकडे बघितलं. तिनेही ते पाहिलं होतं. ती उठली नाही, दार लावलं नाही. भाताचं पातेलं घेऊन ती वाढायला आली आणि त्या मोकळ्या जागेला वळसा घालून माझ्याकडे वळली.