आईच्या बरणीला सवलत नाही

आमच्या तपासणीच्या रांगेवर तिला सगळे तोफ म्हणायचे. मागून नाही, तोंडावर. तिला त्याचं काही वाटायचं नाही. नवीन मुलगी कामाला आली की तीच सांगायची, "माझं नाव विचारत बसू नकोस. आवाज ऐकलास की कळेल."

विमानतळावर मी पडद्यासमोर बसते. बॅग यंत्रातून जाते, आतलं सगळं मला रंगांत दिसतं. काही संशयास्पद वाटलं की मी बटण दाबते, ट्रे बाजूच्या रुळांवर सरकतो, आणि तिथून पुढे तोफेचं काम. बॅग उघडायची, वस्तू बाहेर काढायची, आणि ती चालणार नसेल तर माणसाच्या देखत कचऱ्याच्या पिंपात टाकायला लावायची.

चाकू-कात्र्या फारशा निघत नाहीत. निघतं ते खाणं. मध, मुरंबे, सरबतं, घरचं लोणी. कोणी मुलासाठी नेतंय, कोणी बहिणीसाठी. नियम सोपा आहे: जे ओघळतं, पसरतं किंवा थलथलतं ते सगळं आमच्या लेखी पाणी, आणि पाणी शंभर मिलीच्या वर हातातल्या बॅगेतून जात नाही. लोक भांडतात. "अहो, हे घट्ट आहे, बरणी उलटी करून दाखवतो!" एकाने खरंच उलटी केली होती. मग ट्रे पुसत बसली तोफच.

लोकांना वाटायचं ती त्यांच्यावर चिडते. ती चिडायची कामावर. घरी पावाचा तुकडा वाया गेला तर जीव हळहळणारी बाई, आणि दिवसभर दुसऱ्यांच्या हातचं चांगलं अन्न फेकायची. "कसाई तरी बरा," म्हणायची, "त्याने मारलेलं कोणाच्या तरी पोटात जातं."

मी सांगतेय त्या दिवशी सकाळी एक म्हातारे काका आले. घरीच मधमाश्या पाळणारे. हातांवर डंखांच्या जुन्या गाठी होत्या. मुलीला दर हिवाळ्यात खोकला होतो म्हणून मधाची मोठी बाटली घेऊन निघाले होते. तोफेने समजावलं तसे म्हणाले, "मग पुतण्याला परत देतो. बाहेर सोडायला आलाय." पुतण्याला फोन लावला, तो केव्हाच निघून गेला होता.

तोफ आमच्या साहेबांकडे गेली. साहेब म्हणजे पाळीचे प्रमुख. "साहेब, संध्याकाळपर्यंत बाटली इथे फळीवर ठेवू या. त्यांच्या घरचं कोणीतरी येऊन नेईल."

"आपण काय गोदाम उघडलंय? नियम म्हणजे नियम."

काकांनी ती बाटली स्वतःच पिंपात ठेवली. हळूच, खाली वाकून, फुटू नये म्हणून. कचऱ्यात टाकायची वस्तू फुटू नये म्हणून जपणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. तोफ चहाच्या सुट्टीत चहाच्या यंत्राशी भांडली. त्याने नाणं गिळलं होतं हे निमित्त.

आणि दुपारी तिची आई आली.

तोफ आणि तिची आई एकाच घरात राहायच्या. नवऱ्याशी पटेना म्हणून तोफ त्याचं घर सोडून आईकडे आली, त्याला बरीच वर्षं झाली होती. धाकटा भाऊ दूर, विमानानेच जायचं एवढ्या अंतरावर. आई वर्षातून एकदा त्याच्याकडे जायची. यंदाही निघाली होती. तोफेने तिला बजावलं होतं, "बरणी मोठ्या बॅगेत घाल." आईचं उत्तर, "ती माणसं बॅगा धोपटतात. फुटेल. आणि तपासायला तू आहेसच की."

मला हे तेव्हा माहीत नव्हतं. पडद्यावर एक नारिंगी गोळा आणि त्यावर झाकणाची निळी चकती एवढंच दिसलं. बटण दाबून मान वर केली, तर नवी शाल पांघरलेली एक म्हातारी बाई मागच्या माणसाला अभिमानाने सांगत होती, "ती तिकडे उभी आहे ना, ती माझी मुलगी."

तोफेने बॅगेला हात लावला नाही. हात वर करून तिने साहेबांना हाक मारली. "साहेब, ही माझी आई. दुसऱ्या कोणाला तरी उघडू द्या."

साहेब आले. सकाळचे साहेब हेच का, असं वाटावं इतके गोड. "अरे वा, आई! काय नेताय?"

"अंजिराचा मुरंबा. परसातल्या झाडाचे अंजीर. माझ्या मुलाला लहानपणापासून फार आवडतो."

साहेबांनी बरणी हातात घेतली, उजेडात धरली आणि परत बॅगेत ठेवली. "जाऊ दे गं. आपलं घरचं माणूस आहे. मी काही बघितलं नाही."

तोफेने हातमोजे ओढून घट्ट केले. ती हातमोजे ओढायला लागली की आम्ही कान झाकून घ्यायचो.

"सकाळचा मध बघितला होतात ना?"

"ते वेगळं होतं."

"कसं वेगळं? त्या काकांची मुलगी इथे नोकरीला नाही, एवढंच ना वेगळं?"

"अगं, आवाज खाली कर."

"सकाळी मी खालच्या आवाजातच विचारलं होतं! तेव्हा नियम म्हणजे नियम होता. दुपारपर्यंत त्याला पाय फुटले?"

रांग थांबली. पट्टा थांबला. तो मीच थांबवला होता, कारण बॅगा एकमेकींवर चढायला लागल्या होत्या.

आई मध्ये पडली. "अगं, साहेब स्वतः म्हणतायत ना? मग तुझं काय जातंय?"

"ही बरणी जाणार नाही, आई."

"तू आहेस म्हणून तर हातात घेतली!"

"मी आहे म्हणूनच जाणार नाही."

"तुझ्या जागी परक्याची पोर असती तर तिने सोडली असती."

"मग परक्याच्या पोरीकडे जायचं होतंस!"

असं म्हणून तोफेने बॅगेतून बरणी उचलली आणि पिंपात टाकली. ठेवली नाही, टाकली. काच फुटल्याचा आवाज झाला, आणि साखर आणि लिंबाचा वास सगळ्या रांगेत पसरला. एक लहान मूल "मला पण" म्हणालं, त्याच्या आईने त्याचं तोंड दाबलं.

म्हातारी रडली नाही. तिने बुटांचे बंद बांधले, शाल सारखी केली, बॅग उचलली. जाताना तोफेच्या अगदी जवळ थांबली. मला ऐकू आलं, म्हणजे आणखी बऱ्याच जणांना आलं असणार.

"तुझ्या नवऱ्याचं तुझ्याशी का पटलं नाही, ते आज कळलं मला."

तोफेने हातमोजे काढले, नवे चढवले. "पुढचे या," म्हणाली. साहेब काचेच्या केबिनमध्ये गेले ते पाळी संपेपर्यंत बाहेर आले नाहीत.

कपडे बदलायच्या खोलीत मी तिला विचारलंच. "खरं सांग. त्या काकांसाठी केलंस, की आणखी काही होतं?"

"दोन्ही." तिने कपाटाचं दार असं आपटलं की वरची छत्री खाली पडली. "दोन-तीन दिवस घरात साखर उकळत होती. अंजीर मी उतरवले. झाडावर मी चढले, या वयात. लिंबं मी पिळली. आणि मुरंबा कोणाचा? लेकाचा! माझ्या वाट्याला काय, तर पातेल्याच्या कडेला चिकटलेलं. तेही घासता घासता. दरवर्षी हेच. मी काय मोलकरीण आहे त्या घरातली?"

त्याच दिवशी भावाचा फोन आला. दुसऱ्या दिवशी तिने मला दोघांचे आवाज काढून सगळं ऐकवलं.

"ताई, एका बरणीने विमान पडणार होतं का? साहेब सोडत होते म्हणे."

"आईच्या गुडघ्याला कोणतं औषध चालू आहे, सांग."

"त्याचा इथे काय संबंध?"

"तिला जिना चढवत नाही, माहितीय तुला? तिचे दात कधी बसवले, कोणी बसवले? मुरंब्यावर बरा हक्क सांगता येतो!"

"विषय काय आणि तू बोलतेस काय."

"विषय हाच आहे. तुला आत्ता कळतोय," असं म्हणून तिने फोन ठेवला. नंतर दोन-तीनदा आला, तिने उचलला नाही.

आई तिकडे असेपर्यंत मायलेकींमध्ये एक शब्द झाला नाही. परतीच्या दिवशी तोफ तिला घ्यायला गेली खरी. बॅग घेतली, टॅक्सी केली, घरापर्यंत दोघी दोन खिडक्यांतून बाहेर बघत बसल्या. घरात शिरल्यावर तोफ म्हणाली, "जेवण झाकून ठेवलंय," आणि आतल्या खोलीकडे वळली.

"थांब," आई म्हणाली. "त्याच्या स्वयंपाकघरात मी कपाट आवरायला घेतलं. मागच्या वर्षीची बरणी तशीच आहे. त्याच्या आदल्या वर्षीचीही. झाकणसुद्धा उघडलेलं नाही. वर धूळ."

तोफ परत फिरली.

"सून म्हणाली, आम्ही गोड खात नाही हल्ली. हल्ली म्हणे! आणि तो मान खाली घालून बसला. दरवर्षी फोनवर 'संपला, आई, फार छान होता'. मी जिना उतरून बाजारात जाऊन साखर आणायची, आणि तो माझ्याशी खोटं बोलायचा!"

"दे तो फोन इकडे," तोफ म्हणाली. "बघतेच त्याला."

"त्याला काही बोलायचं नाही!"

"का? मला बोलताना सुचलं ना सगळं? चारचौघांत?"

यावर आई खुर्चीच्या कडेला बसून गुडघा चोळायला लागली. माफ कर, चुकलं, असले शब्द त्या घराण्यात कोणाच्या तोंडून निघत नाहीत. शेवटी ती खेकसली, "तुझा नवरा नालायकच होता. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"मग लग्नात का नाही बोललीस?"

"बोलले असते तर ऐकलं असतंस?"

तोफ म्हणाली, या वाक्यावर तिला हसू आलं आणि त्याचाही राग आला. जेवताना दोघी पुन्हा भांडल्या. आता मुद्दा हा, की पुढच्या वर्षीच्या अंजिरांपैकी घरात किती राहायचे. आई पाव हिस्सा म्हणत होती, ही अर्ध्यावर अडून होती.

ते भांडण त्यांचं त्यांनी मिटवलं असेल किंवा नसेल. कामावर मात्र तोफेने नवीनच उद्योग सुरू केला. चहाच्या सुट्टीत ती बाहेरच्या दालनात जायची, जिथे लोक मोठ्या बॅगा काउंटरवर देतात, आणि रांगेसमोर उभी राहून ओरडायची. "मध, मुरंबा, सरबत, लोणी! हातातल्या पिशवीत असेल तर आत्ता मोठ्या बॅगेत घाला! आत आलात की कचऱ्यात जाईल! नंतर माझ्यासमोर रडू नका!"

काउंटरवरच्या मुली आधी हसल्या, मग चिडल्या, मग स्वतःजवळ चिकटपट्टी आणि जुनी वर्तमानपत्रं ठेवायला लागल्या, बरण्या गुंडाळायला. साहेब म्हणाले, "ती आपली हद्द नाही." ती म्हणाली, "चहा कुठे प्यायचा हे तुम्ही ठरवणार का?" पुढे आमची रांग लवकर सरकते हे वरच्यांच्या लक्षात आलं, आणि सकाळच्या पाळीला तिला अधिकृतपणे तिथेच उभं केलं. श्रेय साहेबांनी घेतलं. त्यावरही ती चिडली, ते वेगळं.

गेल्या महिन्यात साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. मी बाहेरच होते.

"तुझ्याविरुद्ध तक्रार आहे. एका बाईंना तू म्हणालीस म्हणे, बॅग उघडता की मी उघडू."

"म्हणाले. तिच्याजवळ घरचं सरबत होतं. गेलं ना नीट मोठ्या बॅगेतून?"

"जरा गोड बोलायला काय होतं?"

"गोड ते सगळं इतकी वर्षं तुमच्या पिंपात टाकलं, साहेब," ती म्हणाली आणि दार उघडं टाकून निघाली. बाहेर नवी रांग लागली होती. तिचा आवाज मला आत, यंत्राच्या घरघरीतही ऐकू आला.