बेल उचलणारा साक्षीदार

नोकरीतले बरेच गुन्हे आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेले आहेत. दुष्काळातल्या त्या विहिरीचा मामला मात्र तसाच्या तसा आठवतो. त्यात मी एका निर्दोष माणसाला जवळजवळ तुरुंगात धाडलं होतं, आणि तेही सगळं नियमाप्रमाणे करून.

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याचं ठाणं तेव्हा माझ्याकडे होतं. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस नव्हता. जनावरं चारा छावणीत आणि गावं टँकरवर. ठाण्याच्या डायरीत चोऱ्या कमी आणि हंड्यांवरून झालेल्या मारामाऱ्या जास्त. टँकर आला की पाणी गावच्या कोरड्या विहिरीत सोडायचं आणि तिथून लोकांनी शेंदून न्यायचं, अशी पद्धत होती.

एका सकाळी एका गावचे पोलीस पाटील धापा टाकत ठाण्यात आले. "साहेब, हिरीत इख कालवलंय. मानसं लई पेटल्यात. लवकर चला."

गेलो तर विहिरीभोवती अख्खं गाव जमलेलं. मधोमध टँकरचा पाइप धरणारा गडी उभा, पस्तिशीचा, शर्ट फाटलेला, ओठ फुटलेला. त्यानं फवारणीचं औषध विहिरीत ओतलं, असा आरोप होता. कारणही लोकांकडे तयार होतं. पाणीवाटपावरून दोन दिवसांपूर्वी त्याचं भांडण झालं होतं आणि रागाच्या भरात तो "बघतोच तुमच्याकडं" असं म्हणाला होता. ओतताना पाहणारा कोण, तर त्याचाच सख्खा धाकटा भाऊ.

हा धाकटा गावच्या दूध सोसायटीचा सचिव. मापात त्यानं कधी कुणाला फसवलं नाही, असं विरोधी पार्टीचे लोकही सांगत होते. शिवाय मी पोचण्याआधीच त्यानं महादेवाच्या देवळात पिंडीवरचा बेल उचलून शपथ घेतली होती. त्या भागात बेल उचलला की विषय संपला. खोटा बेल उचलणाऱ्याचा वंश बुडतो, असं मानतात. कोर्टात शपथ घेऊन बिनदिक्कत थापा मारणारे मी ढिगानं पाहिले. बेल उचलून खोटं बोललेला एकही नाही. मीही त्या बेलावर विसंबलो.

पाण्याला वास नव्हता. विहिरीपाशी बाटली सापडली नाही. पण पंचनामा केला, नमुना सीलबंद केला, धाकट्याचा जबाब घेतला आणि थोरल्याला अटक करून ठाण्यात आणलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याला कोर्टात उभं करायचं होतं. नमुन्याचा अहवाल यायला आठवडे लागले असते, आणि तोवर तो आत. सुटून आला असता तरी गावानं त्याला पुन्हा विहिरीजवळ फिरकू दिलं नसतं.

चौकशीला मी स्वतः बसलो. माझा आवाज मोठा आणि संयम थोडा, हे माझ्या हाताखालचे सगळे जाणून होते. थोरला मात्र दबला नाही, चिडलाही नाही.

"मी न्हाई टाकलं साहेब."

"मग तुझा भाऊ खोटं बोलतोय?"

"न्हाई. त्यो कदी खोटं बोलत न्हाई."

"अरे, दोन्ही कसं खरं असेल? मला काय खुळा समजतोस?"

त्यानं मान खाली घातली. "ते मला सांगता येत न्हाई." 'माहीत न्हाई' असं तो म्हणाला नाही, 'सांगता येत न्हाई' म्हणाला. एवढ्या वर्षांच्या नोकरीनंतर हा फरक कानाला लागायला हवा होता. माझ्या लागला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोर्टाचे कागद तयार होत असताना फाट्यावरचा हॉटेलवाला ठाण्यात आला. अधूनमधून तो आम्हाला खबर द्यायचा. इकडं तिकडं बघत म्हणाला, "साहेब, ल्हान्याला जरा नीट इचारा. चार महिने झाले, माझ्या हातचा च्या पीत न्हाई. म्हनतो, तू त्यात कायतरी घालतूस. अन् चिलीम म्हनाल तर सकाळपस्नं चालू अस्ती."

खरं सांगतो, गांजाकडे मी तोवर काणाडोळाच करत आलो होतो. दारुडा दंगा करतो, गंजाडी गुमान बसून राहतो. ठाणेदाराला दुसरा परवडतो. शिवाय महादेवाचा प्रसाद म्हणून म्हातारी माणसं एखादा झुरका मारतात, त्यात काय एवढं, असं माझंही मत होतं.

तरीही पुरवणी जबाबाच्या निमित्तानं धाकट्याला बोलावून घेतलं. आदल्या दिवशी गर्दीत त्याच्याकडे मी धड पाहिलंच नव्हतं. गालफडं बसलेली, डोळे लाल, मधूनच कोरडा खोकला. किती दिवस झोपला नाहीस, असं विचारल्यावर त्याला आठवेना. हवालदारानं पाण्याचा पेला पुढं केला. त्यानं तो हुंगला आणि हळूच बाजूला सरकवला.

"कावून रे? पी की," हवालदार म्हणाला.

"यात बी टाकलंय दादानं."

"तुझा दादा कालपासून कोठडीत आहे."

"कोठडीतनंच टाकलं. मी बगितलं ना." त्याच्या आवाजात ना राग होता, ना कावा. आज कोणता वार आहे हे सांगावं, तसं त्यानं ते सांगितलं.

उभी नोकरी मी खोटं पकडायला शिकलो होतो. इथं खोटं नव्हतंच. जे त्याला दिसलं, तेच तो बोलत होता, आणि म्हणूनच त्यानं बेधडक बेल उचलला होता.

तसाच कोठडीकडे गेलो. "तुला माहीत होतं?"

थोरल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "गेल्या साली शिवरात्रीला पैल्यांदा ओढली त्यानं. मंग दुस्काळात सोसायटी बंद पडली, दिसभर रिकामा. रोजच सुरू झालं. आता घरातलं बी खात न्हाई. आमचा चुलता बी असाच भरमिष्ट होऊन गेला."

"मग काल का नाही बोललास?"

"पोलिसाला सांगितलं तर गांजाची केस हुईल त्याच्यावर. त्यापरीस मी गेलो आत तर काय बिघडलं?"

मला माझीच लाज वाटली. त्याच दुपारी कोर्टाला लेखी अहवाल देऊन थोरल्याची सुटका मागितली आणि धाकट्याला बीडच्या सरकारी दवाखान्यात पाठवलं. त्याच्याजवळ माल सापडला नव्हता. माल पुरवणारा आठवड्याच्या आत छावणीजवळ सापडला, त्याला सोडलं नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला समोर बसवून समजावलं. गांजानं सगळ्यांचंच असं होत नाही. पण रोज ओढणारा, लहान वयात लागलेला किंवा घराण्यात असा आजार असलेला माणूस असेल, तर धोका वाढतो. संशय बळावतो, नसलेलं दिसतं, ऐकू येतं. बाकीच्यांचीही आठवण मंदावते, कामातलं लक्ष उडतं, छाती धरते. सोडल्यावर काही दिवस झोप नाही, भूक नाही, चिडचिड होते. मग पुष्कळ जण सावरतात. सगळेच सावरतात असं मात्र नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

गाव अजून तहानलेलंच होतं. मी विहिरीवर जाऊन पाणी प्यायलो, तरी कुणी पुढं येईना. पोलिसाच्या घोटापेक्षा बेल मोठा. शेवटी त्या दोघांची आई आली. ती धर्मापुरीला लेकीकडे गेली होती. बातमी कळताच परतली. तिनं स्वतः पोहरा सोडला, पाणी शेंदलं आणि सगळ्यांदेखत घटाघटा प्यायली. "दोगं बी माझीच लेकरं हायती," ती म्हणाली. "एक आजारी हाय. त्यात गावानं कावून मरायचं?" मग एकेक हंडा पुढं सरकला.

त्यानंतर कितीही सच्चा साक्षीदार आला, तरी तो किती झोपतो, काय खातो, काय ओढतो, हे मी आधी विचारू लागलो. सहकारी हसायचे. हसू दे. आणि गुमान बसलेल्या गंजाड्याकडे मी पुन्हा कधी काणाडोळा केला नाही.

काही महिन्यांनी दोघं भाऊ औषधं घेऊन परतताना ठाण्यात आले. धाकटा अंगानं भरला होता, समोर ठेवलेला चहा प्यायला. कप खाली ठेवून म्हणाला, "साहेब, दादानं टाकलं न्हाई, हे आता कळतंय मला. पर डोळे मिटले की अजून बी दिसतंय. मंग मी उचलला त्यो बेल खरा म्हनायचा का खोटा?"

थोरल्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"तवा खरा व्हता. आता समदं कळून बी चिलीम धरलीस, तर खोटा."