दादाचे डोळे

काल नातीच्या खोलीतून तैलरंगांचा वास आला आणि मी परळच्या आमच्या चाळीत जाऊन पोचले. मी तेव्हा नऊ वर्षांची. दादा संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात तुरुंगात गेला होता. लग्नाला जेमतेम महिना झालेला. वहिनी लग्नाच्या फोटोवरून त्याचा चेहरा मांजरपाटावर उतरवत होती. गाल तैलरंगांनी रंगवलेले, केस मात्र काळ्या रेशमानं एकेक टाका घालून भरलेले. फोटोत दादा खाली बघत होता, म्हणून डोळ्यांची जागा कोरीच राहिली होती.

एका दुपारी तिनं हळूच विचारलं, "बाय, ह्यांचे डोळे कसे आहेत गं? लाजेनं मी कधी नीट बघितलंच नाही."

"माझ्यासारखेच. आई म्हणते."

तिनं माझी हनुवटी धरून चेहरा खिडकीतल्या उन्हाकडे वळवला. कितीतरी वेळ ती नुसती बघत राहिली. मला वाटलं, माझं कौतुक चाललंय. ती माझ्यात त्याला शोधत होती, हे आता कळतं.

दादा सुटून आला तेव्हा चित्रापुढे उभा राहून हसला. "अगं, हे तर बायचे डोळे!"

"मग तुमचे दाखवा," वहिनी म्हणाली, आणि आईसमोरच मान वर करून तिनं त्याच्याकडे पाहिलं.