फेरीला कोणी नाही

आमचा दादा कारखान्याच्या गेटवर वॉचमन. माणूस तसा वाघ, पण बंद जागा म्हटली की त्याची बोबडी वळते. लिफ्टमध्ये पाय ठेवणार नाही. थंडीत कानटोपीसुद्धा नको. तंबाखूने गालात गाठ झाली, कॅन्सर निघाला, ऑपरेशनमध्ये अर्धा गाल गेला, तेव्हा त्याने हूं की चूं केलं नाही. पण शेक, म्हणजे रेडिएशन द्यायचं म्हणून चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा बसवून तो टेबलाला खटाखट अडकवून पाहिला, तेव्हा त्याने असा आरडाओरडा केला की अख्खा वॉर्ड गोळा झाला. "मेलो तरी चालेल, यात नाही झोपणार!"

नेमका त्याच दिवशी गाठीचा रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाई समजावू लागल्या, "शरीरात एक राखणदार प्रथिन असतं. पेशी बिघडली की तिला अडवतं. तुमच्या गाठीत ते खूप दिसलंय, म्हणूनच..."

"ऐकलंस?" मला म्हणत दादा उठलाच. "राखणदार भरपूर आहेत. मग मला कशाला कोंडता?" आणि गेला की बाहेर! हवं तेवढंच ऐकायची त्याची सवय जुनीच.

वहिनीच्याही जिवात जीव आला. प्रोटीन आणखी वाढू दे म्हणून ती त्याला उठता-बसता दुधात अंडं फेटून पाजू लागली. मला मात्र बाईंचं ते अर्धवट 'म्हणूनच' छळत होतं. शेवटी एकटाच जाऊन विचारलं.

"चांगलं प्रथिन काम झालं की मोडून जातं, म्हणून तपासणीत फारसं दिसत नाही," बाई म्हणाल्या. "बिघडलेलं बरेचदा मोडत नाही, नुसतं साचत राहतं. या एका खुणेवर मी काही ठरवत नाही. पण गाठ कापलेल्या कडेच्या अगदी जवळ पोचली होती. ती पुन्हा उठायची भीती आहे. शेक घ्यायलाच हवा."

सांगायचं तर मीच त्याला त्या मुखवट्यात ढकलायचं, आणि गप्प बसायचं तर गाठीच्या तोंडी द्यायचं. मला भयंकर राग आला. तंबाखूचा, दादाचा, माझाही.

दादा खिडकीत बसला होता. मी म्हटलं, "दादा, तुमच्या केबिनमध्ये सगळे वॉचमन एकदम दिसले तर?"

"तर काय, पत्ते कुटत असणार. फेरीला कोणी..." तो थांबला. "रिपोर्टचं बोलतोयस?"

"हो. बाई म्हणतात, शेक घ्यायलाच हवा."

तो खिडकीतून उठला. मग माझ्यावरच खेकसला, "मग इतकी अंडी कशाला गिळायला लावलीत रे?"

शेकाचं मशीन चालवणारा माणूस समजूतदार होता. "काका, जीव घाबरला तर हात वर करा. मी लगेच थांबवतो." मुखवटा अडकला, जाड दार बंद झालं. बाहेरच्या पडद्यावर आम्हाला दादा दिसत होता. हात वर गेला. सोडवलं, तर घामाने निथळत होता. पुन्हा झोपला, पुन्हा हात वर. वहिनी तोंड फिरवून रडायला लागली. मी आत जाऊन म्हटलं, "राहू दे दादा, उद्या बघू."

त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. मशीनवाल्याला म्हणाला, "आता हात वर केला तरी थांबू नकोस."

"असं चालत नाही काका. हात वर गेला की थांबवावंच लागतं."

दादा आडवा झाला आणि दोन्ही हात अंगालगत घट्ट ठेवले. "मग हे पण बांध."